पेनड्राइव्ह म्हणतो २ टीबी, पण कंप्युटरला हे सांगितलं कुणी?

गेल्या दिवाळीत भाच्यानं स्टेशनबाहेरच्या पथारीवरून ७०० रुपयांना २ टीबीचा पेनड्राइव्ह आणला. मी म्हटलं, अरे, एवढ्या पैशात २ टीबी येत नाही. त्यानं तो लॅपटॉपला लावला, माउसनं दोनचार टिचक्या मारल्या आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. क्षमता: २ टीबी. "मामा, हे पथारीवाला नाही म्हणत, कंप्युटर म्हणतोय." उत्तर माझ्याकडे होतं, पण फराळाच्या ताटासमोर द्यायला फार लांबलचक होतं, म्हणून गप्प बसलो. ताईच्या साखरपुड्याचे फोटो आणि व्हिडिओ मिळून ९० जीबीचा ऐवज त्यानं त्यावर चढवला. पंधरा दिवसांनी उघडून बघतो तर फाइलींची नावं जागच्या जागी, आकारही बरोबर, पण सुरुवातीचे थोडे सोडले तर एकही फोटो उघडेना. मूळ फोटो फोटोग्राफरकडे होते, म्हणून निभावलं.

"म्हणजे कंप्युटर खोटं बोलला का?" त्यानं फोनवर विचारलं.

नाही. कंप्युटरनं ऐकलेलं लिहून घेतलं आणि विचारल्यावर जसंच्या तसं वाचून दाखवलं. हे ऐकणारं, लिहून घेणारं आणि वाचून दाखवणारं जे कोणी आहे, त्याचं नाव कर्नल.

कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे

शेंगदाण्याचं टरफल काढलं की आत दाणा असतो. इंग्रजीत त्या आतल्या गराला जो शब्द आहे, तोच विंडोज, ॲंड्रॉइडसारख्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला लावतात. स्क्रीनवर दिसणाऱ्या खिडक्या, चित्रं, बटणं हे सगळं टरफल. कर्नल म्हणजे आतला तो प्रोग्रॅम, जो मशीन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत मेमरी, प्रोसेसर, डिस्क, कीबोर्ड, बॅटरी या सगळ्यांवर ताबा ठेवून असतो.

तो कोसळला तर काय होतं, हे १९ जुलै २०२४ रोजी जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक तुकडा विंडोजच्या कर्नलच्या आत बसून काम करायचा. त्याच्यासाठी आलेल्या एका सदोष फाइलनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कंप्युटर निळ्या पडद्यावर आणून ठेवले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. साधा प्रोग्रॅम चुकला की तो एकटा मरतो, कर्नलच्या आतलं काही चुकलं की घरासकट सगळं जातं.

म्हणूनच साध्या प्रोग्रॅमना कर्नलच्या आत पाऊल ठेवता येत नाही. तुमचा ब्राउझर, गाणी वाजवणारं ॲप, टायपिंगचा प्रोग्रॅम ही सगळी बाहेर रांगेत उभी असलेली माणसं. आत दप्तरखाना आहे. मध्ये जाळीची खिडकी आहे आणि खिडकीवर ठरावीक नमुन्यातला अर्जच चालतो: हे उघड, हे वाच, हे लिही, हे बंद कर. या अर्जाला सिस्टिम कॉल म्हणतात. एवढा एक शब्द लक्षात ठेवा.

पुढची सगळी उदाहरणं लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची घेतो. एक तर त्याचा कर्नल उघडा आहे, कुणीही वाचू शकतो. आणि दुसरं म्हणजे लिनक्स आपल्याला परका वाटत असला, तरी तुमचा फोन ॲंड्रॉइडचा असेल तर तो याच क्षणी तुमच्या खिशात चालू आहे.

पेनड्राइव्ह लावल्यावरचे पहिले दोन सेकंद

जुन्या साध्या यूएसबीत चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या. पेनड्राइव्हच्या आत बोलण्याच्या एका तारेला दीड किलो-ओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा छोटा भाग, जोडलेला असतो. पेनड्राइव्ह खोचला की त्या रेझिस्टरमुळे तारेवरचा दाब वर चढतो. 'कुणीतरी आलंय' हे कंप्युटरला कळतं ते एवढ्यावरून. दारावरची कडी वाजावी तसं.

मग कर्नल त्या पोर्टला एकदा रीसेट देतो. नव्या पाहुण्याला अजून नाव नाही, त्यामुळे तो शून्य क्रमांकावर उत्तर देतो. कर्नल त्याला १ ते १२७ मधला एक क्रमांक देतो आणि विचारतो, तू कोण? पाहुणा १८ बाइटांचं एक छोटं ओळखपत्र पुढे करतो. त्यात बनवणाऱ्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक असं सगळं असतं. पुढच्या कागदात तो सांगतो की मी साठवणुकीचं साधन आहे, किंवा कीबोर्ड आहे, किंवा कॅमेरा आहे. साठवणुकीचं साधन असेल तर कर्नल आणखी एक प्रश्न टाकतो: तुझ्यात जागा किती?

उत्तर येतं. कर्नल ते लिहून घेतो. पडताळणी होत नाही, मोजणी होत नाही.

आपल्याकडे ई-पीक पाहणी सुरू झाल्यापासून शेतकरी स्वतःच मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करतो आणि ती सातबारावर चढते. तिथे निदान शेतात उभं राहून पिकाचा फोटो तरी काढावा लागतो. यूएसबीत तेवढंही नाही. पाहुणा म्हणाला ऊस, की ऊस.

फाइल नसलेल्या फाइली

आता लिहून घेतलेलं बाहेरच्या प्रोग्रॅमना सांगायचं कसं? प्रत्येक वस्तूसाठी वेगळी खिडकी आणि वेगळा अर्ज ठेवला असता तर अर्जांच्या नमुन्यांचाच डोंगर झाला असता.

यावरची युक्ति पन्नास वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवली, तेव्हा त्यांनी ठरवलं की यंत्रांनाही फाइलीच समजायचं. टेप असो की टर्मिनल, त्याच्या नावाची एक फाइल 'डेव्ह' या फोल्डरमध्ये असेल. ती उघडायची, वाचायची, लिहायची. १९७४ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात त्यांनी हे मांडलं आणि आजही लिनक्सवर 'डेव्ह' फोल्डर उघडला की तेच दिसतं. त्यातली फाइल म्हणजे प्रत्यक्षात दोन आकडे: एक सांगतो की आतला कोणता कारकून हे काम बघतो, दुसरा सांगतो की त्याच्याकडची कितवी वस्तू. या कारकुनाला ड्रायव्हर म्हणतात.

पुढे १९८४ मध्ये टॉम किलियन यांनी युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत हीच कल्पना चालू असलेल्या प्रोग्रॅमना लावली. प्रत्येक चालू प्रोग्रॅम 'प्रॉक' नावाच्या फोल्डरमध्ये फाइल बनून दिसू लागला. लिनक्सनं हा फोल्डर उचलला, फुगवला आणि त्यात प्रोसेसरची माहिती, मेमरीची माहिती, कोणत्या यंत्रानं प्रोसेसरचं किती वेळा लक्ष वेधलं त्याची यादी, असं दिसेल ते भरलं.

गंमत अशी की या फाइली डिस्कवर कुठेच नसतात. 'प्रॉक'मधल्या बहुतेक फाइलींचा आकार बघा, शून्य बाइट दिसेल. तरी उघडली की पानभर मजकूर. तुम्ही 'वाच' म्हणता त्या क्षणी कर्नल आतल्या नोंदी चाळतो, मजकूर तयार करतो आणि तुमच्या हातात देतो. सातबाराचा उतारा असाच असतो की नाही? तुमच्या नावाचा छापील कागद दप्तरात आधीपासून पडून नसतो. आत नोंदी असतात, तुम्ही मागता तेव्हा त्यांच्यावरून उतारा निघतो आणि त्यावर त्या दिवसाची तारीख पडते. उद्या पुन्हा मागितलात तर वेगळा निघू शकतो.

एक फाइल, एक आकडा

'प्रॉक'चं मात्र गावच्या जुन्या कचेरीसारखं झालं. ज्याला जे वाटलं ते त्यानं तिथे लावलं, ज्याच्या त्याच्या पद्धतीनं. एका फाइलीत तक्ता, दुसरीत वाक्यं, तिसरीत नुसते आकडे. त्यातून एक आकडा काढायचा तर प्रोग्रॅमला ओळी मोजत बसावं लागे आणि कर्नलच्या नव्या आवृत्तीत कुणी मध्येच एक रकाना वाढवला की सगळे प्रोग्रॅम चुकीचा आकडा वाचत.

डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स २.६ बरोबर दुसरी व्यवस्था आली. पॅट्रिक मोशेल यांनी घडवलेली सिसएफएस. ती 'सिस' या फोल्डरमध्ये दिसते आणि तिचा नियम एका ओळीचा आहे: एका फाइलीत एकच आकडा. यंत्रं एकमेकांना जशी जोडलेली असतात तशीच फोल्डरांची मांडणी. हबच्या, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीच्या, फोल्डरात पेनड्राइव्हचा फोल्डर, त्यात डिस्कचा फोल्डर.

लिनक्सचा लॅपटॉप हाताशी असेल तर 'सिस'मध्ये 'क्लास', त्यात 'पॉवर सप्लाय', त्यात बॅटरीचा फोल्डर, अशी वाट धरा. 'कपॅसिटी' या फाइलीत फक्त '७३' असं लिहिलेलं सापडेल. कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्राशेजारचा आकडा शेवटी इथूनच येतो. शेजारी व्होल्टेजची फाइल असते, तिच्यात ११८५०००० असं काहीतरी दिसेल. घाबरू नका, ते मायक्रोव्होल्ट आहेत, म्हणजे ११.८५ व्होल्ट. तापमानाची फाइल असेल आणि तीत ३१२ असेल, तर बॅटरी पेटलेली नाही, ती ३१.२ अंशांवर आहे, कारण हा आकडा अंशाच्या दहाव्या भागात असतो. आणि प्रोसेसरच्या तापमानासाठी 'थर्मल' फोल्डरात गेलात तर तिथे अंशाचा हजारावा भाग, ४६००० म्हणजे ४६ अंश. एकाच घरात दोन थर्मामीटर आणि दोघांची मापं वेगळी. नियम करणाऱ्यांनाही सगळं जमत नाही.

दशांश चिन्ह टाळायचं कारण मात्र खरं आहे. अपूर्णांकांचं गणित करणारा प्रोसेसरचा भाग कर्नलला वापरायचा तर बाहेरच्या प्रोग्रॅमचं तिथलं अर्धवट गणित आधी नीट बाजूला ठेवावं लागतं. ते महाग पडतं. त्यापेक्षा सराफ जसा तोळ्याऐवजी मिलिग्रॅममध्ये हिशेब ठेवतो, तसं लहान माप घेऊन पूर्णांकात बोललेलं बरं.

बॅटरीच्या फोल्डरात अनेक लॅपटॉपांवर आणखी दोन फाइली असतात: बॅटरी नवी असताना किती भरायला हवी आणि आता पूर्ण भरली की किती भरते. पहिली ५०००००० आणि दुसरी ४१००००० असेल, तर ५००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी आता ४१०० ची राहिली, म्हणजे ८२ टक्के. 'बॅटरी हेल्थ' दाखवणाऱ्या ॲपांची सगळी विद्या एवढ्या एका भागाकारात आहे.

काही फाइलींत लिहिताही येतं. 'बॅकलाइट'च्या फोल्डरातल्या 'ब्राइटनेस' फाइलीत अधिकार असलेल्या प्रोग्रॅमनं आकडा लिहिला की स्क्रीन उजळते. याला हवं तर फेरफार नोंद म्हणा. फरक एवढाच की इथे नोंद पडली की जमीन जागेवर बदलते.

दवंडी

खिडकीवर जाऊन विचारणं ठीक, पण पेनड्राइव्ह लावला हे मुळात कळणार कसं? दर सेकंदाला 'कुणी आलं का, कुणी आलं का' विचारत बसलं तर बॅटरी त्यातच संपेल. म्हणून कर्नल दवंडी पिटतो. यंत्र आलं, गेलं, बदललं की तो एक छोटा संदेश सोडतो. ऐकणाऱ्यांत मुख्य असतो युडेव्ह नावाचा प्रोग्रॅम. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये तो आणला आणि पुढे तो सिस्टिमडीत, म्हणजे लिनक्स सुरू करून बाकीच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सामावला गेला.

हा युडेव्ह कर्नलच्या बाहेर राहतो, ही यातली महत्त्वाची गोष्ट. दवंडी ऐकली की तो 'सिस'मध्ये जाऊन तपशील वाचतो, गरज असेल तर योग्य ड्रायव्हर आत बोलवायची व्यवस्था करतो, 'डेव्ह'मधल्या फाइलीवर कुणाला हात लावू द्यायचा ते ठरवतो आणि तिला एक टिकाऊ टोपणनाव देतो. टोपणनाव लागतं, कारण कर्नल डिस्कना आल्या क्रमानं नावं देतो. आज जी पहिली ती उद्या दुसरी होऊ शकते आणि तुम्ही चुकीची डिस्क पुसून बसता.

यापूर्वी नावं ठेवण्याचं काम कर्नलच्या आतच करून बघितलं होतं, डेव्हएफएस नावानं. ते टिकलं नाही. कर्नलनं घडलं ते सांगावं, नावगाव आणि मानपान बाहेरच्यांनी ठरवावेत, हा धडा त्यातून पक्का झाला. इंजिनिअरिंगच्या मुलांना याचा अनुभव असतो. आर्डुइनो हा प्रयोगांसाठीचा छोटा सर्किट बोर्ड लावला की 'परवानगी नाही' असा संदेश येतो, कारण त्या पोर्टची फाइल एका ठरावीक गटालाच उघडी असते. गटात नाव घालायचं सोडून सगळं काम सर्वाधिकारी, म्हणजे मशीनवर सगळे हक्क असलेला वापरकर्ता, होऊन करायचं, ही आपल्या लॅबांतली रीत. चालतं, पण चुलीवरचं भांडं उचलायला अग्निशमन दल बोलावण्यातला प्रकार आहे.

थेट यंत्रालाच विचारलं तर काय बिघडलं?

हा आक्षेप रास्त आहे. मध्ये एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

एक तर दोघांनी एकाच वेळी विचारलं तर यंत्राचा गोंधळ होतो. डिस्कला एक प्रोग्रॅम 'हे लिही' सांगत असताना दुसऱ्यानं मध्येच तोंड घातलं तर अर्धं याचं आणि अर्धं त्याचं असं काहीतरी लिहिलं जाईल. रांग लावणारा कुणीतरी लागतोच. दुसरं, बाजारात हजारो प्रकारच्या बॅटऱ्या आणि त्यांची मापं घेणाऱ्या चिपा आहेत, प्रत्येकीची भाषा निराळी. घड्याळाशेजारी टक्के दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनं त्या सगळ्या शिकायच्या का? ड्रायव्हर ती भाषा शिकतो आणि बाहेर '७३' एवढंच सांगतो.

फोनमध्ये आणखी एक अडचण. यूएसबीवरची वस्तू निदान स्वतःची ओळख तरी सांगते. फोनच्या बोर्डावर कायमच्या चिकटवलेल्या कित्येक चिपा 'मी इथे आहे' असं म्हणतच नाहीत. त्यांची यादी बनवणाऱ्यानं कर्नलला आधी लिहून द्यावी लागते. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. रास्पबेरी पाय या एका बोर्डावरच्या छोट्या कंप्युटरमध्येही हीच पद्धत आहे आणि ही यादीसुद्धा कर्नल पुन्हा फाइलींच्या रूपात उघडी ठेवतो.

एकदा लावलेला रकाना काढता येत नाही

खिडकीवर एखादी माहिती द्यायला सुरुवात केली की ती बंद करणं फार अवघड. लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांचा यावरचा कटाक्ष कर्नलवाल्यांत प्रसिद्ध आहे: कर्नल बदलल्यामुळे बाहेरचा चालता प्रोग्रॅम मोडला तर चूक कर्नलची.

याची माझी आवडती गोष्ट बोगोमिप्सची. 'प्रॉक'मधल्या प्रोसेसरच्या माहितीत या नावाचा एक आकडा असतो. सुरू होताना थोडा वेळ थांबण्याचं माप बसवायला कर्नलला तो लागायचा, प्रोसेसरचा खरा वेग त्यातून कळत नाही, आणि नावातला 'बोगो' म्हणजे चक्क बोगस. २०१३ मध्ये फोनमध्ये असतात त्या एआरएम जातीच्या प्रोसेसरांच्या बाबतीत कर्नलवाल्यांनी तो काढून टाकला. कुणाला हवाय बोगस आकडा? तर काही प्रोग्रॅमना हवा होता. ते त्याच ओळीवर विसंबून होते आणि मोडले. २०१५ च्या सुरुवातीला तो आकडा मुकाट्यानं परत आला.

बघितल्यानं काय झिजतं?

वाचायला मोकळीक असावी, लिहायला बंदी, असं बरीच वर्षं मानलं जाई. बॅटरीत किती व्होल्टेज आहे हे कुणी वाचलं तर कुणाचं काय जातं?

२०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि इस्रायलच्या राफेल या संस्थेतल्या संशोधकांनी याचं अस्वस्थ करणारं उत्तर दिलं. त्या वेळी ॲंड्रॉइडवर बॅटरीचं व्होल्टेज आणि करंट कोणतंही ॲप परवानगीविना वाचू शकत होतं. फोन मोबाइलच्या टॉवरपासून लांब गेला किंवा मध्ये इमारती आल्या की त्याला सिग्नलसाठी जास्त वीज लागते. म्हणजे एखाद्या रस्त्यानं जाताना विजेच्या खर्चाचा जो चढउतार होतो, तो त्या रस्त्याची खूण ठरतो. आधी त्या रस्त्यांवरची नोंद घेऊन ठेवली असेल, तर जीपीएसला हातही न लावता फोन कोणत्या वाटेनं गेला हे ओळखता येतं, असं त्यांनी दाखवलं. किराण्याच्या वहीवरून घरी पाहुणे कधी आले ते सांगावं, तसं.

दुसऱ्या संशोधकांनी २०१६ मध्ये 'कोणत्या यंत्राने किती वेळा लक्ष वेधलं' ही निरुपद्रवी दिसणारी यादी वापरून फोन उघडण्याच्या बोटांच्या नक्षीचा अंदाज बांधून दाखवला. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लॅटिपस नावाचा हल्ला जाहीर झाला. ऑस्ट्रियातल्या ग्राझ, ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम आणि जर्मनीतल्या संशोधकांनी तो शोधला होता. इंटेलच्या प्रोसेसरांत आपला वीजवापर मोजायची सोय आहे आणि लिनक्सच्या 'सिस'मध्ये तो आकडा कुणालाही वाचता येत असे. प्रोसेसर कोणतं काम करतोय आणि कोणत्या आकड्यांवर करतोय, त्यानुसार वीज किंचित कमीजास्त लागते. हजारो वेळा वाचून सरासरी काढली की आतल्या गुपितांचा माग लागतो. उपाय म्हणून लिनक्सनं ती फाइल फक्त सर्वाधिकाऱ्यासाठी ठेवली. प्रोसेसर किती वीज खातोय ते साध्या वापरकर्त्याला दाखवणारे प्रोग्रॅम त्या दिवसापासून मुके झाले.

तुमच्या फोनवरची 'सीपीयू किती टक्के चाललाय' दाखवणारी ॲप ॲंड्रॉइड ८ नंतर नुसती शून्यं दाखवू लागली किंवा गप्पच झाली, हे लक्षात असेल तर त्यामागे हीच कहाणी आहे. त्या आवृत्तीनं 'प्रॉक'मधले ते आकडे साध्या ॲपांना बंद केले. ॲंड्रॉइड १० नं नेटवर्कची माहितीही झाकली आणि आयएमईआयसारखे न बदलणारे क्रमांक साध्या ॲपांना देणं थांबवलं. आता ॲपनं थेट फाइल न वाचता ॲंड्रॉइडच्या मधल्या सेवेला विचारायचं आणि काय द्यायचं ते ती सेवा ठरवणार. खिडकीपुढे आणखी एक खिडकी झाली.

मला स्वतःला हे बंद करणं थोडं खुपतं. माझ्या मशीनची माहिती मलाच सर्वाधिकारी होऊन मागावी लागते. पण प्लॅटिपसचा निबंध वाचल्यावर तक्रारीचा आवाज खाली येतो. उलट्या दिशेचं एक उदाहरणही सांगायला हवं: जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरांतले दोष उघड झाल्यावर लिनक्सनं 'सिस'मध्ये नवा फोल्डर उघडला. त्यात प्रत्येक दोषाच्या नावाची फाइल असते आणि तुमचा प्रोसेसर त्यात सापडतो की नाही, उपाय लागू आहे की नाही, हे एका ओळीत कुणीही वाचू शकतं.

विंडोजवाल्यांचं काय?

तत्त्व तेच, कचेरी वेगळी. विंडोजमध्ये फाइलींऐवजी बोलण्याचे ठरावीक नमुने आहेत, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतं ते तिथूनच येतं. मॅकमध्ये आय-ओ रजिस्ट्री नावाचा असाच यंत्रांचा वृक्ष असतो. भाच्याचा लॅपटॉप विंडोजचा होता, फसवणूक तीच झाली.

मग कर्नलनं खोटं पकडायचं ना?

पेनड्राइव्हच्या आत साठवणुकीची चिप असते आणि तिच्यापुढे एक छोटा कंट्रोलर. बाहेरचं जग फक्त या कंट्रोलरशी बोलतं. बनावट पेनड्राइव्हमध्ये चिप १६ किंवा ३२ जीबीची असते आणि कंट्रोलरला पढवून ठेवलेलं असतं: विचारलं की २ टीबी सांग. कर्नल ते लिहून घेतो. 'सिस'मध्ये त्या डिस्कच्या 'साइझ' फाइलीत ३९०६२५०००० असा आकडा उमटतो. तो ५१२ बाइटांच्या कप्प्यांत असतो, गुणाकार करा, बरोबर २ टीबी येतात. उतारा अगदी शुद्ध. जमीनच नाही.

खऱ्या जागेपलीकडचं लिखाण कंट्रोलर सरळ फेकून देतो किंवा आधीच्याच जागेवर पुन्हा लिहितो, आणि दोन्ही वेळा 'लिहिलं' असंच उत्तर देतो. फाइलींची नावं, आकार, तारखा यांची यादी डिस्कच्या सुरुवातीकडे, म्हणजे खऱ्या जागेत असते. म्हणून नावं शाबूत आणि फोटो गायब.

हे पकडायचं तर कर्नलला प्रत्येक पेनड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून बघावा लागेल. २ टीबीला त्यात दिवसच्या दिवस जातील आणि तुमचा आधीचा मजकूर पुसला जाईल तो वेगळा. म्हणून तो विश्वास ठेवतो. या विश्वासाचा गैरफायदा नुसत्या क्षमतेपुरता राहत नाही. २०१४ मध्ये कार्स्टेन नोल आणि याकोब लेल यांनी बॅडयूएसबी नावाचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्यात पेनड्राइव्ह ओळख देताना 'मी कीबोर्ड आहे' म्हणतो आणि तुमच्या नावानं आज्ञा टाइप करू लागतो. बाहेरचा युडेव्ह किंवा त्याच्यासारखा पहारेकरी 'अनोळखी कीबोर्ड आत घेऊ नको' असं ठरवू शकतो, पण तो नियम कुणीतरी आधी लिहून ठेवलेला असावा लागतो.

भाच्याला मी शेवटी एवढंच करायला लावलं. लिनक्सवर एफ-थ्री आणि विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचे फुकट प्रोग्रॅम आहेत. ते पेनड्राइव्ह ओळखीच्या मजकुरानं भरतात आणि परत वाचून जुळवतात. नवा पेनड्राइव्ह त्यात काही टाकायच्या आधी एकदा असा निकाल लागेपर्यंत लावून ठेवायचा. हाताने तपासायचं असेल तर मोठी फाइल चढवल्यावर लगेच उघडून समाधान मानायचं नाही, कारण कर्नल नुकतंच लिहिलेलं मेमरीत जपून ठेवतो आणि वाचायला मागितलं की तिथूनच देतो, पेनड्राइव्हला विचारतसुद्धा नाही. आधी नीट काढायचा, पुन्हा लावायचा, मग उघडायचं.

त्याचा तो पेनड्राइव्ह रविवारी सकाळी तपासायला लावला. काही दिवसांनी निकाल लागला: २९ जीबी. लॅपटॉपच्या स्क्रीनवर अजूनही २ टीबीच लिहिलेलं होतं.